दयेविरुद्ध तक्रार

१६४७ साली वेस्टमिन्स्टरला जमलेल्या धर्मपंडितांनी एक लघु प्रश्नोत्तरी पूर्ण केली. मुलांना आणि श्रद्धेत नव्याने आलेल्यांना पाठ करायला सोपी जावी, हा तिचा हेतू. तिच्यातला चौथाच प्रश्न देव काय आहे, हा. उत्तर एका वाक्यात बसवले आहे. देव आत्मा आहे एवढे सांगून झाले की तीन विशेषणे येतात, त्यांच्या पाठोपाठ सात गुण येतात आणि वाक्य संपते. अनंतत्व, अविकारित्व, शहाणपण, सामर्थ्य, पावित्र्य, न्याय, सगळे जिथल्या तिथे. स्कॉटलंडमधल्या मुलांच्या कित्येक पिढ्यांनी ते घोकले. त्याच्या जवळजवळ चारशे वर्षे आधी थॉमस अक्वायनसने हेच काम अवाढव्य प्रमाणावर केले होते. आपल्या 'सुम्मा'मध्ये देवाचे निरवयव असणे, पूर्णत्व, अनंतत्व, अविकारित्व असा एकेक विषय त्याने एकेका प्रश्नाखाली सोडवला. मात्र सुरुवातीलाच बजावून ठेवले की देव काय आहे हे आपल्याला कळत नाही. काय नाही एवढेच सांगता येते. ही सावधगिरी मला त्या सगळ्या युक्तिवादांपेक्षा मोठी वाटते.

अशा याद्यांत खोट काढायला जागा नसते. आणि तरी त्या वाचून देवाचा स्वभाव समजला असे होत नाही. खुद्द बायबलमध्ये गुणांच्या याद्या थोड्याच आहेत. त्यांतली एक मला सगळ्यांत आवडते, कारण तिथे ती स्तुती म्हणून येत नाही. एक संतापलेला माणूस ती यादी देवाच्या तोंडावर फेकतो. तू दयाळू आहेस, कृपाळू आहेस, लवकर रागावत नाहीस, अशी त्याची तक्रार आहे. तो माणूस म्हणजे योना, आणि ही तक्रार त्याच्या नावाच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात आहे.

जुन्या करारातल्या बारा लघु संदेष्ट्यांमध्ये योनाचे पुस्तक बसवले आहे खरे, पण ते त्या रांगेत जरा विचित्रच दिसते. बाकीच्या पुस्तकांत संदेष्ट्यांची वचने आहेत, इथे संदेष्ट्याची गोष्ट आहे. अध्याय चार, वचने अवघी ४८. संदेष्टा म्हणून योना लोकांपुढे जे बोलतो ते मूळ हिब्रूत पाच शब्दांत आटोपते. या गोष्टीचे लोकांच्या डोक्यात राहिलेले चित्र म्हणजे मासा. मासा येतो तीन वचनांत. एवढ्या प्रचंड जीवाला लेखकाने एखाद्या निरोप्याइतकेच काम दिले आहे: गिळ, तीन दिवस ठेव, किनाऱ्यावर टाक. माशाच्या पोटात माणूस जगेल का, यावर शतकानुशतके खर्च झालेली शाई पाहिली की वाटते, लेखकाने मासा घातला नसता तर बरे झाले असते. मग कदाचित सगळ्यांनी चौथा अध्याय वाचला असता.

योना तसा पूर्णपणे कल्पित नाही. राजांच्या दुसऱ्या ग्रंथात अमित्तयाचा मुलगा योना, गथ-हेफेर गावचा, असा एक संदेष्टा आहे. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात, दुसऱ्या यराबामाच्या काळात, इस्राएलच्या सीमा पुन्हा विस्तारतील असे त्याने सांगितले आणि त्या विस्तारल्या. म्हणजे आपल्या लोकांना हवे ते सांगणारा, राष्ट्राच्या वैभवाचा संदेष्टा. पुष्कळ अभ्यासकांच्या मते हे पुस्तक त्याच्यानंतर काही शतकांनी, बाबेलच्या बंदिवासानंतर लिहिले गेले. लेखकाने हेच नाव उचलले यात त्याची पहिली खोच आहे. त्या राष्ट्राभिमानी संदेष्ट्याला देव सांगतो, ऊठ आणि निनवेला जा.

निनवे म्हणजे काय हे समजल्याशिवाय पुढचा विनोदही कळणार नाही आणि दुःखही. निनवे हे अश्शूरी साम्राज्याचे महानगर, आजच्या मोसुलच्या समोर, टायग्रिसच्या पूर्व तीरावर. याच अश्शूरने ख्रिस्तपूर्व ७२२ च्या सुमारास शोमरोन पाडले आणि उत्तरेकडचे इस्राएल राज्य कायमचे पुसून टाकले. ७०१ मध्ये सन्हेरीबाने यहूदातले लाखीश घेतले आणि त्या विजयाची शिल्पे निनवेतल्या आपल्या राजवाड्याच्या भिंतींवर कोरवून घेतली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. सुळांवर चढवलेली माणसे, बायकामुलांसह बैलगाड्यांतून चाललेले निर्वासित, सगळे अगदी नीटनेटके, कौतुकाने कोरलेले. योनाचे पुस्तक पहिल्यांदा ऐकणाऱ्यांना हे सगळे घरातल्या आठवणीसारखे ठाऊक होते. आणखी एक गोष्ट त्यांना ठाऊक होती: ६१२ मध्ये निनवे स्वतःही धुळीला मिळाले. तेव्हा निनवेला वाचवणाऱ्या देवाची गोष्ट त्यांना सहज पचणारी नव्हती. योनाला हेकट, संकुचित म्हणून हसणाऱ्यांनी त्या शिल्पांपुढे थोडा वेळ उभे राहून मग हसावे.

निनवे पूर्वेला, खुष्कीच्या वाटेने. योना याफो बंदरात जाऊन पश्चिमेला तार्शीशकडे निघालेल्या गलबतात बसतो. तार्शीश नक्की कुठे याचा वाद आहे. बरेच जण ते स्पेनच्या दक्षिणेला शोधतात. गोष्टीपुरते एवढे पुरे की त्या काळच्या माणसाला जाता येईल तितक्या उलट दिशेला तो निघाला. भाडेही स्वतः भरले. लेखक योनाच्या मनातले काहीच सांगत नाही. का पळाला, भीतीने की आळसाने, याचे उत्तर तो चौथ्या अध्यायापर्यंत मुठीत धरून ठेवतो. पहिल्यांदा वाचणारा समजतो, बिचारा घाबरला असेल.

देवापासून पळून जाणे! ईश्वर सर्वव्यापी आहे, हा सिद्धांत १३९ व्या स्तोत्रात ज्या तऱ्हेने येतो त्याला तोड नाही. स्तोत्रकर्ता आकाशात, अधोलोकात, समुद्राच्या पलीकडच्या टोकाला कल्पनेनेच जाऊन येतो आणि प्रत्येक ठिकाणी देव आधीच हजर असतो. योना नेमका तोच प्रवास अंगाने करतो. भर वादळात खलाशी त्याला विचारतात, तुझा धंदा कोणता, देश कोणता, लोक कोणते? तो धर्मशिक्षणाच्या वर्गातल्यासारखे चोख उत्तर देतो की समुद्र आणि कोरडी भूमी निर्माण करणाऱ्या स्वर्गीय देवाचा मी भक्त आहे. हे वाक्य तो समुद्रावर उभा राहून बोलतो आहे, आणि त्याच देवापासून पळताना. त्याच्या बोलण्यातला अर्थ त्याला कळत नाही, खलाशांना तत्काळ कळतो. ते हादरतात आणि विचारतात, अरे, हे तू काय करून बसलास? सर्वव्यापित्वावरचे इतके नेमके भाष्य मी कुठल्याही ग्रंथात वाचलेले नाही. सिद्धांत योनाकडे आहे, थरकाप परक्यांकडे.

हे खलाशी मला फार आवडतात. अनेक देवांना मानणारी, वेगवेगळ्या बंदरांतली ही माणसे. वादळ उठले तसा प्रत्येकाने आपापल्या देवाचा धावा केला. देवाचा माणूस मात्र गलबताच्या तळाशी गाढ झोपला होता. कप्तानाने त्याला हलवून प्रार्थना करायला सांगितले. संदेष्ट्याला प्रार्थनेची आठवण परधर्मीयाने करून द्यावी! पुढे योना सांगतो, मला समुद्रात टाका, म्हणजे वादळ थांबेल. इतका सोपा उपाय हाताशी असताना ही माणसे तो करत नाहीत. जीव खाऊन वल्ही मारतात, त्याला किनाऱ्याला पोचवता येते का ते पाहतात. अगदी निरुपाय झाला तेव्हाही एका निरपराध्याचे रक्त आमच्या माथी मारू नकोस, अशी देवाची विनवणी करून मगच त्याला उचलतात. एका अनोळखी उतारूच्या जिवाची त्यांना जितकी काळजी आहे, तितकी योनाला पुढे एका अख्ख्या शहराची वाटणार नाही. लेखक ही तुलना शब्दाने करत नाही. दोन्ही चित्रे दोन टोकांना ठेवून देतो.

दुसऱ्या अध्यायातली माशाच्या पोटातली प्रार्थना स्तोत्रांच्या ओळखीच्या शब्दकळेतून विणलेली आहे. ती मागाहून घातली असावी असे अनेकांचे मत आहे. असेल. पण जो कोणी ती घालणारा होता, त्याच्याही अंगात मूळ लेखकाचाच मिस्कीलपणा होता. प्रार्थनेच्या शेवटी योना मूर्तिपूजकांना एक टोला हाणून घेतो की ते स्वतःच्या वाट्याची दया गमावून बसतात. आणि वर, लाटांच्या माथ्यावर, नुकतेच ते मूर्तिपूजक त्याच्याच देवाला यज्ञ अर्पून नवस बोलून मोकळे झाले आहेत. यानंतर लगेच मासा योनाला ओकून टाकतो.

निनवेत योना एक दिवसाची वाट चालतो आणि आपले पाच शब्द उच्चारतो. चाळीस दिवस, मग शहर उलथणार. त्यात देवाचे नाव नाही, पापाचा उल्लेख नाही, पश्चात्तापाचे आवाहन नाही, 'जर' नाही. प्रवचन पडावे अशी इच्छा धरून दिलेले हे जगातले एकमेव प्रवचन असावे. आणि ते जगातले सर्वांत यशस्वी प्रवचन ठरते. लोक उपास करतात, गोणपाट नेसतात. बातमी राजाकडे जाते. राजा सिंहासनावरून उतरतो, राजवस्त्र काढून गोणपाट घेतो आणि राखेत बसतो. फर्मान निघते की माणसांनीच काय, गुराढोरांनीही काही खाऊपिऊ नये, त्यांच्याही अंगावर गोणपाट घालावे. गोणपाट पांघरलेली, उपाशी हंबरणारी गुरे डोळ्यांपुढे आणली तर हसू येते, आणि लेखकाला ते हवे आहे असा माझा समज आहे. पण त्या गुरांकडे लक्ष ठेवावे.

फर्मानाच्या शेवटी राजा म्हणतो, कोणी सांगावे, कदाचित देव आपला बेत बदलेल. या 'कदाचित'पाशी मी दर वेळी थांबतो. राजाला देवाचे गुण ठाऊक नाहीत. त्याला निर्गमाचे पुस्तक माहीत नाही, स्तोत्रे माहीत नाहीत. दया मिळेलच असे तो म्हणत नाही, ती मागायचा आपला हक्क आहे असेही म्हणत नाही. त्या अनिश्चिततेवर तो आपले सिंहासन सोडून राखेत उतरतो. योनाला मात्र देवाविषयी कुठलाच संशय नाही. त्याचे ज्ञान पक्के आहे आणि त्या ज्ञानानेच त्याचा जीव कडवट झाला आहे.

आणि देव खरोखर बेत बदलतो. योनाच्या पुस्तकाने ख्रिस्ती तत्त्वज्ञांना सगळ्यांत जास्त घाम फोडला तो इथे. देव अविकारी आहे ना? गणनेच्या पुस्तकात तर साफ म्हटले आहे की मन बदलायला देव काही माणूस नव्हे. मग निनवेच्या बाबतीत काय झाले? अक्वायनसचे उत्तर तर्काच्या दृष्टीने देखणे आहे. देवाची इच्छा बदलत नाही. पण एखादी गोष्ट आधी एक व्हावी आणि मग तिच्या उलट व्हावी, अशीही त्याची न बदलणारी इच्छा असू शकते. कॅल्विन म्हणतो की दाई जशी तान्ह्या मुलाशी बोबडे बोलते तसा देव आपल्याशी आपल्या बोलीत बोलतो; त्याचे पस्तावणे, रागावणे ही त्या बोबड्या बोलीतली भाषा. अकराव्या शतकात अँसेल्मने 'प्रोस्लोगिऑन'मध्ये याच्याही मुळाशी हात घातला. ज्याला दुःख होतच नाही तो दयाळू कसा? त्याने उत्तर दिले की तुझी दया आम्हाला जाणवते, तुला स्वतःला तसा कळवळा जाणवत नाही. हे वाक्य लिहिताना अँसेल्मसारखा भाविक अवघडला असणार असे मला वाटते. कारण प्रार्थनेत असे बोलणे कठीण आहे. विसाव्या शतकात युर्गन मोल्टमनने हे उत्तर साफ नाकारले. दुसऱ्या महायुद्धाच्या राखेतून आलेल्या या जर्मन धर्मचिंतकाने १९७२ साली क्रुसावर खिळलेल्या देवाविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्याला सोसता येत नाही त्याला प्रेमही करता येत नाही, असा त्याचा एकूण रोख.

या वादात दोन्हीकडून थोर माणसे आहेत, आणि माझा कल मोल्टमनकडे झुकतो. पण योनाच्या पुस्तकातली गंमत त्या वादाच्याही अलीकडची आहे. निनवे वाचले हे पाहून योना म्हणतो काय? मी माझ्या देशात होतो तेव्हाच हे बोललो होतो, म्हणून तर पळालो. याचा अर्थ नीट पाहावा. देव पस्तावला हे योनाला अनपेक्षित नाही. देव नेहमी जसा वागतो तसाच वागला, आणि तो तसाच वागणार हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. या गोष्टीत ईश्वराच्या अविकारित्वावर पुरता विश्वास असलेला माणूस एकच आहे, आणि त्या अविकारित्वानेच तो संतापला आहे. शिक्षेचा हुकूम मागे घेतला जाणे हाच, त्याच्या दृष्टीने, देव बदलत नाही याचा पुरावा. धर्मपंडितांनी ज्या दोन गोष्टी एकमेकींना जुळवायला शेकडो पाने लिहिली, त्या या लेखकाने एका चिडलेल्या माणसाच्या तोंडी एका दमात घातल्या.

योनाने फेकलेली ती यादी त्याची स्वतःची नाही. ती निर्गमाच्या ३४ व्या अध्यायातली. इस्राएल लोकांनी सोन्याचे वासरू करून पुजले होते, करार मोडला होता, दगडी पाट्या फुटल्या होत्या. मोशे पुन्हा डोंगरावर चढला तेव्हा देव त्याच्यासमोरून गेला आणि त्याने स्वतःच स्वतःची ओळख करून दिली: दयाळू, कृपाळू, मंदक्रोध. त्यात पुढे हेही आहे की अपराध्याला तो मोकळा सोडत नाही, वडिलांच्या अधर्माची फळे मुलानातवंडांपर्यंत पोचवतो. दया आणि दंड, दोन्ही त्या एकाच ओळखीत. तिथे दया आधी आली म्हणून इस्राएल लोक उरले; नाहीतर त्यांची गोष्ट तिथेच संपत होती. म्हणजे योना ज्या यादीवर चिडतो आहे, त्याच यादीच्या बळावर तो जन्माला आला आहे.

पण यादी सांगताना त्याने तिच्यात फेरफार केला आहे. दंडाचा भाग त्याने गाळला. सत्याचा, दिल्या शब्दाला जागण्याचा उल्लेखही गाळला आणि त्या जागी अरिष्टापासून मागे फिरण्याची देवाची खोड घातली. ही जोड योएलच्या पुस्तकातही आहे. तिथे ती इस्राएलाला धीर देण्यासाठी येते, म्हणून गोड लागते. इथे तीच शत्रूला लागू झाली आणि कडू झाली. उलटा प्रकार नहूमच्या पुस्तकात. नहूमचा विषय पहिल्यापासून शेवटपर्यंत निनवेचा विनाश. तोही त्याच यादीतून मंदक्रोध उचलतो, पण लगेच सामर्थ्य आणि अपराध्याला न सोडणे त्याला जोडतो. योनाने अर्धी यादी घेतली, नहूमने दुसरी अर्धी. दोघेही निनवेबद्दलच बोलताहेत. दोन्ही पुस्तके प्रश्नाने संपतात. आणि ज्यांनी बायबलची जुळणी केली त्यांनी एकाला ठेवून दुसऱ्याला हाकलले नाही. मध्ये मीखाला बसवून दोघांना जवळजवळ शेजारी ठेवले. त्यांच्या या धैर्याला माझा नमस्कार. ईश्वराचे गुण एकमेकांना कापत नाहीत हे धर्मशास्त्रात म्हणून टाकणे सोपे आहे. निनवेच्या भिंतींवरची शिल्पे पाहिलेल्या माणसाला नहूमही लागतो.

आता योना शहराच्या पूर्वेला एक खोपटे करून बसतो. शहराचे काय होते ते बघायला. अजून त्याला आशा आहे! देव एक झाड उगवतो, त्याच्या डोक्यावर सावली धरतो. ते झाड कोणी एरंड मानतात, कोणी भोपळ्याचा वेल. एरंड असेल तर ओसाड गावी एरंड बळी ही आपली म्हण योनाला शोभून दिसते, कारण त्या झाडाने तो अतिशय आनंदला असे लेखक सांगतो. सबंध पुस्तकात योना आनंदी होतो तो एवढ्या एका वेळी. दुसऱ्या दिवशी पहाटे देव एक अळी नेमतो. झाड वाळते. मग पूर्वेचा झळांचा वारा. योनाला मरावेसे वाटते.

मासा, झाड, अळी, वारा, या चौघांसाठी लेखकाने 'नेमले' असे एकच क्रियापद वापरले आहे. सर्वशक्तिमान देवाचे सामर्थ्य समुद्र खवळण्यात जितके, तितकेच एका अळीला कामाला लावण्यात. वादळ ऐकते, मासा ऐकतो, अळी ऐकते, खलाशी, राजा, गुरे सगळी ऐकतात. ऐकत नाही तो एकटा संदेष्टा. आणि त्याच्यावर देव ते सामर्थ्य चालवत नाही. चौथ्या अध्यायात तो त्याला फक्त प्रश्न विचारतो. एकूण तीन. तू रागावलास ते बरे का, हा पहिला. योना उत्तरच देत नाही. झाडासाठी रागावणे बरे का, हा दुसरा. योना म्हणतो, मरेपर्यंत रागावणे बरेच. वैतागलेल्या माणसाचे इतके खरे उत्तर धर्मग्रंथात टिकून राहिले, याचे मला अप्रूप वाटते. तिसऱ्या प्रश्नावर पुस्तक संपते.

त्या तिसऱ्या प्रश्नात देव म्हणतो की तुला त्या झाडाची दया आली. खरे पाहता योनाला झाडाची दया आलेली नाही, त्याला ऊन लागले आहे. पण देव त्याच्या स्वतःपुरत्या हळहळीला मोठ्या मनाने दया म्हणतो आणि तिचेच बोट धरून त्याला निनवेपर्यंत नेतो. ज्याच्यासाठी तू कष्ट घेतले नाहीस, जे तू वाढवले नाहीस, एका रात्रीत आले नि एका रात्रीत गेले, त्याच्यासाठी तू हळहळलास. या वाक्याची न बोललेली बाजू ऐकू येते: निनवेसाठी मी कष्ट घेतले आहेत, मी ते वाढवले आहे. ज्या शहराच्या भिंतींवर सुळांची चित्रे आहेत त्या शहराबद्दल निर्माता असे बोलतो. मग मी त्याची दया करू नये का? तिथे १,२०,००० हून अधिक माणसे आहेत ज्यांना उजवे-डावे कळत नाही, आणि पुष्कळ गुरेढोरेही.

या समारोपात काय नाही ते पाहिले पाहिजे. त्यांनी पश्चात्ताप केला, उपास केले, गोणपाट नेसले, यातले एकही कारण देव देत नाही. तिसऱ्या अध्यायात पश्चात्तापाला जागा होती. त्यानेच शिक्षा टळली. पण स्वतःच्या मनाबद्दल बोलायची वेळ आली तेव्हा देव लोकांच्या योग्यतेकडे बोट दाखवत नाही. त्यांना कळत नाही, हे कारण. ती माझी आहेत, हे न बोललेले कारण. आणि शेवटी गुरे, ज्यांनी पापही केले नव्हते आणि ज्यांना पश्चात्तापही कळत नव्हता. मघाशी गोणपाटात हास्यास्पद दिसलेली तीच गुरे आता ईश्वराच्या युक्तिवादातला शेवटचा शब्द होतात. अक्वायनसने पुढे म्हटले की देवाच्या प्रत्येक कृतीच्या मुळाशी, न्यायाच्या कृतीच्याही मुळाशी, दया असते, कारण कशाचेही नुसते असणे हेसुद्धा कोणी कमावलेले नसते. त्या शांत, कोरड्या युक्तिवादाला मांसरक्त हवे असेल तर ते इथे आहे.

ख्रिस्ती लोकांनी योनाला आपलेसे केले ते येशूमुळे. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू योनाच्या चिन्हाविषयी बोलतो, निनवेकरांना आपल्या काळच्या लोकांपेक्षा वरचढ ठरवतो. तोही एकदा वादळात होडीत झोपी जातो, त्यालाही घाबरलेली माणसे उठवतात. योना शहराबाहेर बसून ते कधी जळते याची वाट पाहतो. लूक सांगतो की यरुशलेम दिसताच येशू रडला. शुभवर्तमानांनी योनाच्या जागी दुसरा माणूस बसवून पाहिला, असे मला वाटते, आणि तो माणूस म्हणजेच देवाचा स्वभाव, हा ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा आहे.

पण ख्रिस्ती वाचकांनी या पुस्तकाशी नेहमीच बरे वर्तन केले असे नाही. रोमच्या भूमिगत दफनघरांत आद्य ख्रिस्ती चित्रकारांनी योना पुन्हा पुन्हा रंगवला, वेलाच्या सावलीत निवांत पहुडलेला, जणू स्वर्गसुखात. अळी येण्याच्या आधी ते थांबले. ऑगस्टीनने तर रुसून बसलेल्या योनात यहुदी लोकांचे चित्र पाहिले, इतर राष्ट्रे तरली म्हणून खंतावलेले. ही उपमा पुढे फार चालली आणि तिने फार नुकसान केले. परक्यांवरच्या दयेने चिडू नका असे सांगणारे पुस्तक एका यहुदी लेखकाने, यहुद्यांसाठी, स्वतःच्याच अंतःकरणावर बोट ठेवून लिहिले. आणि ख्रिस्ती वाचकांनी ते शेजाऱ्याकडे रोखले. खोपटे करून शहराबाहेर बसण्याचाच हा प्रकार. त्या मानाने पूर्वेकडच्या सुरियानी मंडळींचे वाचन मला अधिक शहाणे वाटते. तिथे, आणि आपल्या केरळातल्या सुरियानी ख्रिस्ती लोकांतही, महाउपवासकाळाच्या आधी तीन दिवसांचा निनवेचा उपास पाळतात. त्यात कोणी योना होत नाही. सगळे निनवेकर होतात, राजाच्या त्या 'कदाचित'मध्ये सामील होतात. मोसुलच्या आसपासच्या मैदानातले ख्रिस्ती लोकही हाच उपास करत आले आहेत. २०१४ च्या जुलैत मोसुलमधले नबी युनूसचे प्राचीन प्रार्थनास्थळ दहशतवाद्यांनी स्फोटाने उडवले, त्याच महिन्यात शहरातल्या ख्रिस्ती लोकांना घरेदारे सोडावी लागली. निनवेबद्दलचा देवाचा प्रश्न अशा वेळी नहूमच्या बाजूने वाचावासा वाटतो, हे मी लपवत नाही.

यहुदी परंपरेत हे पुस्तक योम किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी तिसऱ्या प्रहरी सभास्थानात सबंध वाचतात. आपल्या कोकणातले बेने इस्राएल या दिवसाला दरफाळणीचा सण म्हणत. पण वाचन योनाच्या शेवटच्या प्रश्नावर थांबत नाही. त्याला मीखाच्या शेवटच्या तीन वचनांची जोड देतात. त्यांत पुन्हा तीच गुणांची यादी आहे, या वेळी स्तुती म्हणून. क्षमा करणाऱ्या या देवासारखा दुसरा कोण, असे विचारून मीखा म्हणतो की तो आमची पापे समुद्राच्या तळाशी टाकून देईल. योना जिथवर जाऊन आला तोच तळ. जोड सुंदर आहे, भर उपासाच्या दिवशी लोकांना प्रश्नावर लटकत ठेवू नये हा विचारही माणुसकीचा आहे. तरी मला विचाराल तर ती नको होती. उत्तर योनाने द्यायचे होते. मीखाने ते परस्पर देऊन टाकले.